चुन्याच्या बेटावरचा पहिला आठवडा

बहामा या देशात नदी नाही. डोंगर म्हणावा असा डोंगरही नाही. साऱ्या देशातला सर्वांत उंच माथा 63 मीटरचा, म्हणजे कुतुबमिनारापेक्षाही बुटका. पायाखालचा खडक लाव्ह्याचा नाही, ग्रॅनाइटचा नाही. सगळा चुना, आणि तोही समुद्राने घडवलेला. अशा या देशात एल्युथेरा नावाचं एक लांबुळकं बेट आहे. लांबी सुमारे 180 किलोमीटर, रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी इतकी कमी की एका किनाऱ्यावरून चालत निघालेला माणूस थोड्याच वेळात दुसऱ्या किनाऱ्यावर पोचावा. उत्तरेला ग्लास विंडो ब्रिज नावाची जागा आहे. तिथं बेट जेमतेम रस्त्याएवढं उरतं. एका हाताला अटलांटिकचं गडद निळं, उसळतं पाणी आणि दुसऱ्या हाताला ‘बँके’चं, म्हणजे समुद्रातल्या उथळ पठाराचं, निवांत हिरवट पाणी. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराने 1885 साली ही जागा रंगवली, तेव्हा तिथं खडकाची नैसर्गिक कमान होती. आता सिमेंटचा पूल आहे, आणि वादळात लाटा त्या पुलालाही सोडत नाहीत.

याच बेटाच्या दक्षिण भागातून पश्चिमेकडे समुद्रात घुसलेल्या भूशिरावर, केप एल्युथेरावर, 1999 साली एक शाळा निघाली. नाव अगदी सरळ: आयलंड स्कूल. काढणारे ख्रिस मॅक्सी आणि त्यांच्या पत्नी पाम. ख्रिस पूर्वी अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ पथकात होते आणि नंतर न्यू जर्सीतल्या लॉरेन्सविल या जुन्या निवासी शाळेत शिक्षक. शाळा निघाली त्याच वर्षी, सप्टेंबरात, फ्लॉइड नावाच्या चक्रीवादळाने एल्युथेराला झोडपून काढलं. शाळा टिकली.

इथं कोणी सहा-सात वर्षं शिकत नाही. येतात ते एका सत्रापुरते, साधारण शंभर दिवसांसाठी. बहुतेक मुलं-मुली आपल्याकडच्या दहावी-अकरावीच्या वयाची, आणि बहुतेक अमेरिकेतून आलेली. आपली नेहमीची शाळा एका सत्रापुरती सोडायची, हे सत्र इथं करायचं आणि परत जाऊन उरलेलं वर्ष पुरं करायचं. अमेरिकेत अशा ‘सेमिस्टर स्कूल’ बऱ्याच आहेत. व्हरमाँटच्या डोंगरातली माउंटन स्कूल 1984 पासून शेतावर चालते, मेनच्या किनाऱ्यावरची चेवॉन्की 1988 पासून. पण बेटाची गोष्ट वेगळी. बेटाला काठ असतो. आत काय आलं, बाहेर काय गेलं, किती उरलं, हे सगळं तिथं डोळ्यांसमोर राहतं. शहरात पाणी कुठून येतं हे ठाऊक नसलं तरी माणसाचं आयुष्य सुखात जातं. बेटावर ते पहिल्या आठवड्यातच कळावं लागतं. मला हा आठवडा मोठा विलक्षण वाटतो. शंभर दिवसांतली संशोधनं, सफरी, शर्यती हे सगळं नंतरचं. पहिल्या सात दिवसांत सोळा वर्षांच्या मुलाचं शरीर आणि नजर, दोन्ही नव्याने जुळवावी लागतात.

सुरुवात पायाखालून होते. रॉक साउंडच्या छोट्या विमानतळावर उतरून भूशिरावर पोचलेलं मूल किनाऱ्यावर जातं आणि वाळू मुठीत घेतं. ही आपल्या गणपतीपुळ्याची वाळू नव्हे. आपल्याकडची बरीचशी वाळू खडक झिजून, नद्यांनी वाहून आणलेली. इथं तर नदीच नाही. मग वाळू आली कुठून? थोडी शिंपल्यांच्या आणि प्रवाळांच्या चुऱ्याची. थोडी पॅरटफिशच्या पोटातून आलेली; हा मासा दातांनी प्रवाळ कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना वाळू म्हणून बाहेर टाकतो. तिसरा प्रकार मात्र जगात मोजक्याच ठिकाणी आजही डोळ्यांदेखत तयार होतो. भूशिराजवळच्या स्कूनर केज नावाच्या उथळ पट्ट्यावर वाळूचा कण न् कण गोल, गुळगुळीत, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा असतो. भिंग धरून पाहिलं तर मोत्यांचा सडा पडल्यासारखा दिसतो. अशा कणांच्या दगडाला भूवैज्ञानिक ऊलाइट म्हणतात.

हा कण कसा होतो ते ओळखायला मराठी माणसाला वेळ लागू नये. संक्रांतीचा हलवा आठवा. परातीत खसखस किंवा तीळ, खाली मंद धग, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि दाणे हाताने सतत फिरवत राहायचे. दाण्यावर पाकाचा थर चढतो, वाळतो, पुन्हा चढतो. बहामाच्या उथळ बँकेवर उन्हाने तापलेल्या पाण्यात चुना इतका विरघळलेला असतो की तो बाहेर पडायला टेकलेला असतो. भरती-ओहोटीचा प्रवाह शिंपल्याचा एखादा चुरा पुढं-मागं लोळवत राहतो आणि त्यावर चुन्याचे थर एकावर एक चढत जातात. परात समुद्राची, एवढाच काय तो फरक. आणि घाई नाही. एका दाण्याला शेकडो वर्षं लागतात.

आता हा हिशोब वाढवत न्या. डायनासोरांच्या काळापासून बहामाखालचा समुद्रतळ हळूहळू खचतो आहे आणि वरून चुना साचतो आहे. खचण्याचा आणि साचण्याचा वेग साधारण बरोबरीचा राहिला, म्हणून पाणी कायम उथळच राहिलं. आज बहामाच्या खाली चुनखडीची जाडी साडेचार किलोमीटरहून अधिक भरते. सह्याद्रीचा आपला काळा पत्थर, तो जिथं जाडजूड तिथं दोन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सह्याद्रीच्या दुप्पट उंचीचा डोंगर, सगळा शिंपल्यांचा न् वाळूचा, आणि त्याचं फक्त टोक पाण्याबाहेर. त्या टोकावर बसून मुलं पहिल्या दिवशी जेवतात.

दुसऱ्या दिवसापासून पहाट सुरू होते. उजाडण्याच्या सुमाराला सगळी शाळा ध्वजस्तंभापाशी गोल करून उभी राहते आणि मग व्यायाम. कधी नुसतं धावणं, कधी पोहणं, आणि कधी इथला खास प्रकार, ‘रन-स्विम’: थोडं धावायचं, वाटेत खाडी आली की बूट-कपड्यांसकट पाण्यात शिरायचं, पलीकडे निघायचं, पुन्हा धावायचं. सत्राच्या शेवटी एकतर 21 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावायची असते किंवा चार मैल, म्हणजे जवळपास साडेसहा किलोमीटर, समुद्रात पोहायचं असतं. पहिल्या आठवड्यात यातलं काहीच खरं वाटत नाही. खूप मुलं तलावात पोहायला शिकलेली असतात. तलावाला तळावर रेघ असते, चार भिंती असतात. समुद्रात तसं काही नाही, म्हणून सरळ पोहणं हेच पहिलं कौशल्य. दर काही हातांनी डोकं वर काढून किनाऱ्यावरची खूण पाहायची, नाहीतर प्रवाह कुठं नेईल ते कळतही नाही.

चेहरा पाण्यात बुडवला की शरीरात एक जुनी कळ दाबली जाते. नाक-डोळ्यांभोवतीच्या मज्जातंतूंना पाणी लागलं आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांकडचं रक्त आखडतं घेऊन मेंदू-हृदयाकडे वळवलं जातं. सीलमध्ये, देवमाशात हीच यंत्रणा प्रचंड जोरात चालते. माणसात ती क्षीण, पण आहे. पाणी थंड असेल तितकी ठळक. घाबरून धडधडणारं मूल स्नॉर्केल लावून चेहरा पाण्यात ठेवतं आणि थोड्या वेळात शांत होतं, त्यात शिक्षकाच्या धीराचा वाटा असतोच, पण थोडा या जुन्या कळीचाही असावा असं मला वाटतं.

स्नॉर्केलची नळी एवढी आखूड का, हा प्रश्न हमखास येतो. चांगली लांब नळी घेऊन खोलवर का जाता येऊ नये? सिनेमात नायक बोरूची पोकळ काडी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपतो, वर शत्रूचे घोडे. खरं तर एक मीटर खाली गेलं की पाणी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅमचा दाब देतं. छातीचं क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटर धरलं तर हा भार शंभर किलोचा होतो. फुप्फुसात हवा मात्र नळीतून आलेली, पृष्ठभागाच्याच दाबाची. म्हणजे प्रत्येक श्वासाला छातीवरचं शंभर किलोचं ओझं उचलायचं. एखादा श्वास जमेल. नायकाला पुढचं गाणं म्हणायला मिळणार नाही.

म्हणून खोल जायचं तर हवाच तिथल्या दाबाची द्यावी लागते. तेच स्कूबाचं काम. सत्राच्या सुरुवातीच्या दिवसांतच मुलांचं स्कूबा प्रशिक्षण सुरू होतं. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट आणि हवेचं आकारमान निम्मं. सगळ्यात मोठा फरक या पहिल्या दहा मीटरांतच पडतो, म्हणून कान तिथंच सर्वाधिक दुखतात. नाक दाबून हळूच फुंकायचं, कानात ‘टक्’ झालं की पुढं. आणि एक नियम घोकून घेतला जातो: वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि फुप्फुस म्हणजे रबराचा फुगा नव्हे.

पाण्याखाली नजरही फसते. मासा आहे त्यापेक्षा एकतृतीयांश मोठा आणि जवळ दिसतो, म्हणून पहिल्या डुबकीनंतर प्रत्येकाने भलाथोरला बॅराकुडा पाहिलेला असतो. आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने धावतो. दोन कानांतला फरक मेंदूला टिपता येत नाही आणि बोटीचं इंजिन एकाच वेळी सगळीकडून ऐकू येतं. लाल रंग तर सर्वांत आधी जातो. थोडं खोल गेलं की लायनफिशचे भडक लाल पट्टे काळपट तपकिरी दिसतात, आणि टॉर्चचा झोत पडला की एकदम पेटून उठतात. हा मासा इथला नाहीच. त्याचं घर हिंदी महासागर आणि पॅसिफिक, म्हणजे जवळपास आपल्याच अंगणातला. मत्स्यालयांच्या धंद्यातून तो अमेरिकेच्या पाण्यात सुटला असं मानतात. फ्लोरिडाजवळ 1985 साली त्याची नोंद झाली, बहामात 2004 साली. तिथल्या लहान माशांनी असा शिकारी कधी पाहिलेलाच नव्हता. ते पळतच नाहीत. म्हणून शाळेत भाल्याने लायनफिश मारायला शिकवतात, विषारी काटे कापतात आणि मासा ताटात वाढतात.

मग येते आंघोळ. समुद्रातून आल्यावर अंगावर मीठ खरवडून निघावं इतकं. नळ उघडून अंग ओलं करायचं, नळ बंद. साबण लावायचा. नळ उघडायचा, धुवायचं, बंद. जहाजावर खलाशी करतात तशी ही आंघोळ. घरी दिवसातून दोनदा मनसोक्त शॉवर घेणाऱ्या मुलांना हे पहिले काही दिवस छळ वाटतं. पण शाळेत पिण्या-धुण्याचं पाणी येतं ते छपरावरून. पावसाचं पाणी पन्हळीने उतरून जमिनीखालच्या टाक्यांत साठतं. हिशोब अगदी सोपा: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पंचवीस मिलिमीटरची दणकून सर आली तर अडीच हजार लिटर. साठ माणसं माणशी चाळीस लिटरनं राहिली तर तेवढ्यावर एक दिवस निघतो. आपल्या शहरांत पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी 135 लिटर धरतात. त्या हिशोबाने तीच सर दुपारपर्यंतही पुरणार नाही.

विहीर का खणत नाहीत? बेटावर विहिरी आहेत, पण त्यांचं वागणं जपून पाहावं लागतं. पाऊस सच्छिद्र चुनखडीत मुरतो आणि खाली समुद्राच्या पाण्यावर तरंगतो. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जरा जड, अडीच टक्क्यांनी. एवढ्याशा फरकातून एक चकित करणारं गणित निघतं: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. बेटाच्या पोटात दोन्ही बाजूंनी फुगलेलं एक भिंगच जणू तरंगत असतं. पण अरुंद, सखल बेटावर पाण्याची पातळी मीटरभरही उचलली जात नाही, त्यामुळे भिंग पातळ. पंप जोरात चालवला की खालून खारं पाणी वर चढतं, आणि एकदा विहीर खारावली की वर्षानुवर्षं निवळत नाही.

मालवणचा सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना एव्हाना दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव आठवल्या असतील. 1664 साली कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं. भोवती समुद्र आणि आत तीन विहिरी, तिन्ही गोड्या. गाइड तो चमत्कार म्हणून सांगतात. तिथला खडक वेगळा, पाणी मुरण्याच्या वाटा वेगळ्या, पण पाणी आभाळाचंच. चमत्कार मानायचाच तर जागा हेरणाऱ्या नजरेचा मानावा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हे त्या बेटावरच्या मुलांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

पहिल्या आठवड्यात झाडांचीही ओळख करून देतात, आणि पहिली ओळख शत्रूची. पॉइझनवुड. चकचकीत पानं, सालीवर डांबर सांडल्यासारखे काळे डाग. चीक लागला की लगेच काही होत नाही. एखाद-दुसऱ्या दिवसाने अंगावर फोड उठतात आणि मुलगा विचार करत बसतो की आपण काल-परवा कुठं टेकलो होतो. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतल्यावर काय होतं ते ज्याने भोगलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. काजू आणि आंबाही त्याच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून चट्टा उठतो तो याच नात्याने. पॉइझनवुडच्या आसपास बऱ्याचदा गम्बो लिम्बो सापडतं, तांबूस, साल पापुद्र्यांनी सुटणारं. त्याचा चीक पुरळावर लावतात असा तिथला घरगुती उपाय. गावकरी त्याला ‘टुरिस्ट ट्री’ म्हणतात: उन्हाने लाल झालेलं आणि सालपटं निघणारं. पहिल्या आठवड्याअखेर अर्धी शाळा याच वर्णनात बसते.

दुसरं झाड पाहून कोकणी माणूस घरी आल्यासारखा खूश होईल. सुरू. तेच कॅज्युरिना, आपल्या किनाऱ्यांवर वनखात्याने बनंच्या बनं लावलेलं. बहामात मात्र ते बाहेरून आलेलं आणि नकोसं. मुळं उथळ, वादळात आडवं होतं, सुयांचा गालिचा खाली दुसरं काही उगवू देत नाही, आणि वाळू धरून ठेवणाऱ्या स्थानिक झुडपांना हुसकावून लावतं. त्यामुळे किनारा राखण्याऐवजी किनारा जाण्याला हातभार. आयलंड स्कूलने त्यावर व्यवहारी तोडगा काढला: सुरू तोडायचा आणि बाकं, टेबलं, फळ्या करायच्या. मुलं ज्या टेबलावर लिहितात ते उपऱ्या झाडाचं, आणि बरीच वर्षं शाळेच्या गाड्या धावल्या त्या क्रूझ जहाजांवरच्या वापरलेल्या तळणीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर. माती हा तर आणखीच अजब मामला. चुना विरघळून त्यातून सुपीक माती होत नाही. तरी एल्युथेराचे अननस एकेकाळी जहाजं भरभरून निर्यात होत, ते लालसर मातीच्या खिशांमधून. त्या मातीचा मोठा भाग सहारा वाळवंटातून आला आहे. अटलांटिक ओलांडून, वाऱ्यावर, हजारो वर्षं. म्हणजे दगड समुद्राचा, पाणी आभाळाचं, माती आफ्रिकेची.

एका दुपारी मुलांना खाडीत नेतात. गुडघाभर पाणी, तांबड्या तिवराची मुळं घोड्याच्या पायांसारखी बाहेर पसरलेली. गाळात पाय रुततो, चिलटं फोडून काढतात, आणि मग कोणीतरी ओरडतं. पाण्यात हातभर लांबीच्या पिवळसर सावल्या फिरत असतात. लेमन शार्कची पिल्लं. शार्कची काही कुळं अंडी घालतात, पण लेमन शार्कची मादी जवळपास वर्षभर गर्भ वाढवते, पिल्लं पोटात नाळेने जोडलेली असतात आणि साठ सेंटिमीटरची होऊन जन्मतात. जन्मल्या क्षणापासून आईचा संबंध संपतो. पुढची दोन-तीन वर्षं तिवराची मुळं हेच घर, कारण मोठ्या शार्कला तिथं शिरता येत नाही, आणि मोठे शार्क लहान शार्क खातात.

बहामातच, एल्युथेरापासून दूर वायव्येला, बिमिनी नावाचं बेट आहे. तिथं सॅम्युएल ग्रूबर यांनी 1990 साली संशोधन केंद्र काढलं. पिल्लं पकडायची, खूण करायची, जनुकांचा नमुना घ्यायचा, सोडायची, असं वर्षानुवर्षं चाललं. 1993 ते 1997 दरम्यान तिथं जन्मलेल्या माद्यांपैकी निदान सहा माद्या 14 ते 17 वर्षांनी त्याच खाडीत स्वतःची पिल्लं जन्माला घालायला परतल्या, असं त्यातून सिद्ध झालं. मधल्या काळात त्या कुठं कुठं हिंडल्या असतील; वाट मात्र विसरल्या नाहीत. सोळा वर्षांच्या मुलाला हे सांगताना शिक्षकाला वेगळं काही समजावावं लागत नसेल. बहामाने 1993 साली लांब दोरीच्या गळांवर बंदी घातली आणि 2011 साली आपल्या सुमारे सहा लाख तीस हजार चौरस किलोमीटर समुद्रात शार्कची व्यापारी मासेमारीच बंद केली. शार्क इथं अजून दिसतात त्यामागे हे निर्णय आहेत.

रात्री फोन हाताशी नसतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात आपोआप खिशाकडे जातो, मग सुटतो. झोप मात्र लवकर येऊ लागते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या केनेथ राइट यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ जणांना आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय डोंगरात तंबूत ठेवलं, तेव्हा त्यांच्या शरीराचं घड्याळ सुमारे दोन तासांनी अलीकडे सरकून सूर्याशी जुळलं होतं. आयलंड स्कूलमध्ये दिवे आहेत, तरी दिवसभर उघड्यावर आणि पहाटे ऊन, यातून बरंच काम होऊन जातं.

झोपण्याआधी आकाश पाहायला मिळतं. बोस्टनहून आलेल्या मुलीला ध्रुवतारा खाली उतरल्यासारखा वाटतो, आणि ते खरंच आहे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश. बोस्टनला 42 अंश, एल्युथेराला 25, मुंबईला 19. हात ताठ पुढं धरून मूठ वळली की मूठ साधारण दहा अंश झाकते. बेटावर अडीच मुठी, मुंबईत दोनाला थोडी कमी. याच आकाशाखाली कोलंबस 1492 साली या बेटसमूहात पहिल्यांदा जमिनीला लागला. त्याला भेटलेल्या लुकायन लोकांना पुढं गुलाम करून हिस्पॅनिओला बेटावर नेलं, आणि अवघ्या काही दशकांत ही बेटं ओस पडली. इंग्रज वसाहतवाले एल्युथेराला पोचले 1648 मध्ये. बेटाचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, आणि शाळेत ते शिकवलं जातं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही शाळा स्वस्त नाही. साधेपणा शिकायला विमानाने यायचं आणि दोन मिनिटांच्या आंघोळीसाठी गलेलठ्ठ फी भरायची, यातली विसंगती कुणालाही दिसेल. शिष्यवृत्त्या आहेत, बहामाची मुलंही सत्रात असतात, आणि शेजारच्या गावातल्या मुलांसाठी याच मंडळींनी 2001 साली डीप क्रीक मिडल स्कूल सुरू केली, हे जमेला. पण बेटावर जन्मलेल्या कोळ्याच्या पोराला यातलं निम्मं आजोबांकडून फुकट मिळालेलं असतं. ख्रिस मॅक्सींचं श्रेय इतकंच की हे ज्ञान वर्गात आणण्याजोगं आहे, आणि त्यासाठी वर्गच तिथं न्यावा लागतो, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याला विमान लागत नाही. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा आहे आणि निसर्गाने आपल्याला तिथल्यापेक्षा एक गोष्ट जास्तच दिली आहे. एल्युथेराला भरती-ओहोटीचा फरक मीटरभराचा. मुंबईत उधाणाला तो चार मीटरांच्या वर जातो. म्हणजे ओहोटीला आपला समुद्र कितीतरी जास्त उघडा पडतो: हाजीअलीच्या, गिरगावच्या खडकांत समुद्रफुलं, गोगलगायी, चिमुकले ऑक्टोपससुद्धा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून लोकांना तिथं फिरवून हे दाखवत आहेत. वेळ काढायला कोकणातला जुना ठोकताळा पुरतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पावसाळा सरला की पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमाराला मोठी ओहोटी मिळते. घरात सोळा वर्षांचं कुणी असेल तर त्या दिवशी क्लासला दांडी मारू द्या, जुने बूट घालायला सांगा, आणि दगड उलटा केलाच तर पुन्हा होता तसा ठेवायला लावा.